कोऱ्या अंकांचे शिराळकर सर

शिराळकर सरांविषयी चांगले लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. ते मी आधीच लिहून टाकते, कारण पुढे ते लिहिण्याची इच्छा उरेल याची मला खात्री नाही.

कराडच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी मला दोन वर्षे रसायनशास्त्र शिकवले. उंच, सडपातळ अंगकाठी. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मोजून दोन घड्या वर. फळ्यावरचे त्यांचे अक्षर इतके सुरेख, की तास संपल्यावर फळा पुसायला कुणी धजावत नसे. ते आम्हाला आडनावाने हाक मारत, मुलींनाही. प्रयोगशाळेत ब्युरेटच्या नळीतून एक थेंब जास्त पडला की ते मागे येऊन उभे राहत आणि म्हणत, "जाधव, पडलेला थेंब परत वर जात नाही. पुन्हा सुरू कर." एकदा माझे ब्युरेटवरचे वाचन इतरांपेक्षा वेगळे आले, तेव्हा मी शेजारणीच्या वहीत डोकावून माझा आकडा हळूच बदलला. सरांनी वही खिडकीच्या उजेडात धरली, खोडलेली जागा पाहिली आणि म्हणाले, "चुकलेला आकडा लिहायला लाज वाटायला नको. बदललेला लिहायला वाटायला हवी." त्या एका वाक्यावर मी पुढची सारी वर्षे काढली. एम.एस्सी. झाले, आता कागदातील सेल्युलोजवर संशोधन करते आहे, आणि माझ्या प्रबंधातला एकही आकडा जुळवलेला नाही. याचे श्रेय सरांचे आहे. ते मी नाकारत नाही.

चांगले इथे संपले.

निवृत्तीनंतर सर सांगलीला, विश्रामबागेत राहायला गेले. एम.एस्सी.चा निकाल लागल्यावर मी पेढे घेऊन तिथे गेले, तेव्हा त्यांनी मला त्यांची आतली खोली प्रथम दाखवली. ग्रंथांनी भरलेली अभ्यासिका पाहायला मिळेल अशी माझी समजूत होती. खोलीत चार लोखंडी कपाटे होती, भिंतीवर हवेतली आर्द्रता मोजणारे यंत्र होते, खिडक्यांना काळे कापड होते. कपाटांत कॉमिक्स होती. उडणारे, मुखवटे घातलेले, छातीवर चिन्ह मिरवणारे वीर. प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, पाठीमागे पुठ्ठा, कोपऱ्यात ओलावा शोषणारी पुडी.

कपाट उघडण्यापूर्वी सर हात कोपरापर्यंत धूत. टॉवेल वापरत नसत. हात हवेत धरून वाळवत. मग सुती हातमोजे चढवत. मग एक अंक बाहेर काढत, दोन्ही तळव्यांवर देवाच्या टाकासारखा धरत, पाठीकडची बाजू नाकाशी नेऊन हुंगत आणि परत ठेवून देत. गेल्या सहा-सात वर्षांत त्या खोलीत मी किती वेळा गेले असेन. सरांनी एखादा अंक उघडून त्यातले एक पान वाचले, असे एकदाही घडले नाही.

"वाचलेलं पुस्तक म्हणजे उष्टं ताट," ते म्हणत. त्यांच्या वर्गीकरणात दोनच प्रकार होते: कोरा आणि उष्टा. कोरा म्हणजे ज्याला मुलाचा हात लागलेला नाही. उष्टा म्हणजे ज्यावर तेलाचे बोट, दुमडलेला कोपरा, वाचनालयाचा शिक्का किंवा मालकाचे नाव आहे. उष्टा अंक कोरा करणे हा सरांचा खरा छंद होता. तेलाच्या डागावर ते पावडर पसरून रात्रभर वजन ठेवत. शिक्का कापसाच्या बोळ्याने टिपून काढत. आणि नावे खोडत. 'कु. संजय बा. पवार, इयत्ता सहावी ब' असे मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले असे. सर मऊ रबर गोल गोल फिरवत ते घालवत आणि रबराची काजळी लहान कुंच्याने झटकून टाकत. प्रयोगशाळेतली तीच बोटे, तोच संयम. ते पाहताना मला प्रथम जे वाटले त्याला त्या वेळी नाव देता आले नाही. आता देते. किळस वाटली.

ज्ञान मात्र अफाट. परदेशी वीरांची नक्कल करून उत्तरेकडच्या प्रकाशकांनी हिंदी वीर कसे घडवले, ते आपल्या भागात कसे पोचले, हे सर तासभर सांगू शकत. सातारा जिल्ह्यात ही पुस्तके बरीचशी लष्करी ट्रंकांतून आली, असे त्यांचे म्हणणे. रजेवर येणारे जवान रेल्वे स्टेशनवर कॉमिक्स घेत, दोन दिवसांच्या प्रवासात वाचत आणि गावी भावंडांसाठी ठेवून जात. एसटी स्टँडाजवळच्या दुकानांत तीच दिवसाच्या भाड्याने मिळत. दुकानदार त्यांना जाड दोऱ्याने शिवून ठेवी, म्हणजे पाने सुटत नसत. पुढे पुण्याच्या एका लहानशा प्रकाशकाने मराठीत स्वतःचा वीर काढला. त्याचे नाव लोहगरुड. ओतशाळेतला एक कामगार वितळलेल्या लोखंडात पडतो आणि लोखंडी पंख घेऊन बाहेर येतो. तो साठेबाजांना पकडतो, धरण फोडायला निघालेल्यांना अडवतो. मात्र पावसात त्याच्या पंखांना गंज चढतो. लोहगरुड काही वर्षे जोरात चालला. घरोघरी केबल आली आणि तो बंद पडला. आता ती वाचणारी मुले चाळिशीत आली आहेत, त्यांच्या हाती पगार आहे, आणि ती आपले बालपण शोधत सांगलीला सरांकडे येतात.

येणाऱ्यांत सगळेच हौशी नसत. मी एकदा तिथे असताना मेढ्याजवळच्या गावातले एक गृहस्थ पत्र्याची ट्रंक घेऊन आले. त्यांचे थोरले बंधू फौजेत होते आणि काही महिन्यांपूर्वी वारले होते. ट्रंकेत त्यांनी जमवलेली कॉमिक्स होती. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर नाव, पलटणीचे नाव आणि कोणत्या स्टेशनवर घेतले ते स्टेशन. झाशी. इटारसी. पठाणकोट.

"सर, इकायची न्हाईत," ते गृहस्थ म्हणाले. "तुमी लय जपता असं कळलं. एका जागी ऱ्हावीत, एवढंच. दादाचं नाव हाय त्येच्यावर."

सरांनी हात धुतले, हातमोजे घातले आणि ट्रंकेतून अकरा अंक वेगळे काढले. "हे घेतो. बाकीचे रद्दीत द्या."

"सगळीच ठिवली असती तर—"

"बाकीचे फार उष्टे आहेत. कोरे होणार नाहीत."

ते गृहस्थ अजून खुर्चीतच होते, त्यांचा चहा अर्धा झाला होता, तेव्हा सरांनी अकरांतला वरचा अंक घेतला आणि रबर फिरवायला सुरुवात केली. गृहस्थ कपातल्या चहाकडे बघत राहिले. मग उठले, उरलेल्या अंकांची ट्रंक उचलून खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "येतो मग." सरांनी मान वर न करता "या" म्हटले. 'इटारसी' हा शब्द पुसायला त्यांना बराच वेळ लागला, कारण शिपायाने तो पेन्सिल दाबून लिहिला होता.

सरांनी चाहत्यांची एक मंडळी स्थापन केली होती. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर भरे. औषध कंपनीचे प्रतिनिधी, साखर कारखान्यातले एक केमिस्ट, दोन इंजिनिअर, असे वीसेक पुरुष छातीवर लोहगरुडाचे पंख छापलेले एकसारखे टी-शर्ट घालून बसत. अमुक अंकाच्या मुखपृष्ठावरचा लाल ठिपका मुळातला आहे की छपाईची चूक, यावर मी त्यांना पाऊण तास भांडताना ऐकले आहे. दोघांनी त्या ठिपक्यापायी एकमेकांशी बोलणे सोडले होते. सर मध्यभागी बसत आणि निकाल देत. "छपाईची चूक," ते म्हणाले, की ती चूक.

एका रविवारी साखर कारखान्यातल्या केमिस्टने आपली आठ-नऊ वर्षांची मुलगी सोबत आणली. मोठ्यांचे बोलणे चालू असताना तिने टेबलावरचा एक अंक पिशवीतून काढला, जमिनीवर मांडी घालून बसली आणि वाचू लागली. त्या सभागृहात कॉमिक वाचणारी ती एकटीच व्यक्ती होती. तिच्या हाताला भेळेची चिंच होती. सरांना ते दिसले. ते काही ओरडले नाहीत. तिच्याजवळ गेले, खिशातला चिमटा काढला आणि तिच्या मांडीवरचा अंक चिमट्याने उचलला.

"उष्टा झाला," ते सभेला उद्देशून म्हणाले.

"पण त्याचा एक पंख तुटलाय," मुलगी म्हणाली. "पुढं काय होतं?"

माझा अंदाज असा, की कुणाला आठवत नव्हते. तिचे वडील लालबुंद झाले होते. "वाचायचं नसतं ते," ते तिला दंडाला धरून उठवत म्हणाले. "कितीदा सांगितलं घरी?"

मी त्या दिवशी चिंचेचा डाग काढण्याचा सोपा उपाय सरांना सांगितला. गप्प बसता आले असते. पण ज्या माणसाने मला शिकवले, त्याला मी काहीतरी शिकवू शकते, याचा मोह मला तेव्हा फार होता.

मंडळीत एक वाद कायमचा होता: लोहगरुडाचा झगा. इतर वीरांचे झगे रेशमासारखे फडकतात. याचा झगा जाड, जड घड्यांनी खांद्यावरून सरळ खाली येतो, आणि उडतानाही फारसा हलत नाही. सरांनी यावर लेख लिहिला होता. त्यांच्या मते चित्रकाराने परदेशी संगमरवरी पुतळ्यांचा अभ्यास केला असावा. चित्रकार कोण, हे मात्र ठाऊक नव्हते. प्रकाशकाने एकाही अंकावर त्याचे नाव छापले नव्हते.

तो चित्रकार औंधला सापडला. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्यांच्या घरात राहणारे हणमंत बंडगर. वय पंचाहत्तरीच्या पुढे, मेंढरे राखणाऱ्या घरात जन्म, आणि सारी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेली. मंडळीतल्या कुणीतरी 'लोहगरुड मीच काढला' हे त्यांचे बोलणे ऐकले आणि सरांना कळवले. सरांना लांबवर गाडी चालवणे झेपत नसे, म्हणून मी त्यांना घेऊन गेले.

बंडगरांनी पलंगाखालून एक पुठ्ठ्याचा गठ्ठा काढला. आत लोहगरुडाची मूळ चित्रे होती: एकतीस पाने, हाताने काढलेली, पिवळी पडलेली. प्रत्येक पानाच्या खालच्या कडेला बॉलपेनने 'ह. बंडगर, औंध' आणि पानाचा क्रमांक. चित्रांच्या आजूबाजूला संपादकाच्या निळ्या पेन्सिलीतल्या सूचना: 'बंडगर, डोळे मोठे करा.' 'बंडगर, पाऊस वाढवा.' मी वाकून एकेक वाचत होते. सर चष्मा काढून पिवळेपणा बघत होते.

"झगा एवढा जड कसा काढलात?" मी विचारले.

बंडगर माझ्याकडे नवलाने बघू लागले. "आवं बाई, लोखंडाला गंज चढतो की. मग पावसात घोंगडं नको व्हय त्याला?"

मी हसले. सरांनी सोबत आणलेल्या वहीत काही लिहिले नाही.

मग कामाचे बोलणे निघाले. लोहगरुडाचे हक्क आता पुण्यातल्या एका नव्या प्रकाशकाकडे गेले होते आणि सगळ्या अंकांचे एक मोठे पुस्तक निघणार होते. प्रस्तावना सर लिहिणार होते. जुने मालक वारले होते, त्यांची कागदपत्रे वाळवीने खाल्ली होती. नवा प्रकाशक चित्रकाराचे नाव छापायला तयार होता, पण त्याला काहीतरी लेखी हवे होते.

"गावात म्या सांगितलं तर हसत्यात," बंडगर म्हणाले. "स्टँडावर गेलो की म्हनत्यात, आलं बगा लोहगरुडाचं बा. त्येचं काय न्हाई. पर पोरगा फौजेत हाय. त्यानं तितं सांगितलं, माज्या बापानं काडलंय म्हून. तितली पोरं बी हसली. त्येनं पुन्ना इषय काडला न्हाई. तवापासून मला लय लागून ऱ्हायलंय. पुस्तकात नाव आलं म्हंजे झालं. आनि काय बी नको."

"पानं माझ्याकडे द्या," सर म्हणाले. "मी स्वच्छ करतो, प्रकाशकाला दाखवतो. या अवस्थेत ती कुणापुढे ठेवण्यासारखी नाहीत."

बंडगरांची सून, सुरेखा, दारात उभी होती. तिने पदराला हात पुसून मोबाइल पुढे केला. "द्यायच्या आदी फोटू काडू का, मामा? ऱ्हातील आपल्याकडं."

"नको," सर म्हणाले. "मोबाइलच्या उजेडाने कागद मरतो."

हे खरे नव्हते. कागदाला ऊन लागते, वर्षानुवर्षे लागते. मोबाइलच्या एका फोटोने त्याचे काहीही होत नाही. त्या खोलीत हे जाणणाऱ्या दोनच व्यक्ती होत्या. एकीने ते वाक्य उच्चारले होते आणि दुसरी त्याची विद्यार्थिनी होती. सुरेखाने माझ्याकडे पाहिले, कारण मी शिकलेली आणि बाईमाणूस. मी तोंड उघडले नाही. सरांना त्यांच्यापुढे खोडून काढणे मला शोभेना. तिने मोबाइल कमरेला खोचला.

परत येताना सरांनी मला जुन्या कागदाचा पिवळेपणा घालवण्याची रीत विचारली. त्याच आठवड्यात मी ती त्यांना व्यवस्थित लिहून पाठवली: पेरॉक्साइडचे प्रमाण, अल्कलीचे प्रमाण, शेवटचे धुणे. काळी शाई कार्बनची असते, ती टिकेल, असेही लिहिले. आणि पहिल्या ओळीत लिहिले: 'नमुन्याच्या कडेची पट्टी कापून आधी तिच्यावर चाचणी घ्यावी.' आमच्या प्रयोगशाळेत आम्ही असेच करतो. आमचे नमुने कोऱ्या कागदाचे असतात. त्यांच्या कडेला काहीही लिहिलेले नसते.

दोन महिन्यांनी सरांनी मला बोलावले. आतल्या खोलीत एकतीस पाने भिंतीला ओळीने लावली होती, पाठीमागे जाड पुठ्ठा चिकटवून. दुधासारखी पांढरी. काळी रेघ कालच ओढल्यासारखी. पाऊस पडत होता, घोंगडे ओघळत होते, पंख गंजत होते. मी पहिल्या पानाच्या खालची कड पाहिली. मग दुसऱ्याची. शेवटपर्यंत गेले.

"खालची कड कुठे आहे, सर?"

"कुठली कड?"

"बंडगरांचं नाव होतं तिथे."

"तुझ्याच पद्धतीने केलं, जाधव. पट्टी कापून आधी चाचणी. प्रत्येक पानाचा कागद वेगळा निघाला, म्हणून प्रत्येकाची वेगळी पट्टी घेतली. मग सगळी एका मापात दिसावीत म्हणून कडा सरळ केल्या."

"पट्ट्या आहेत?"

"लगदा झाला त्यांचा. फेकल्या."

"आणि निळी पेन्सिल?"

"अल्कलीत विरली." ते समाधानाने म्हणाले. "सगळी घाण गेली. बघ ना, कसं कोरं झालंय."

मी भिंतीजवळ उभी राहिले. त्यांनी ती नावे कापण्यापूर्वी वाचली होती का, असे मी विचारले. त्यांनी चष्मा पुसला. "चित्राला काही झालंय का? मग?" ते म्हणाले. त्यांच्या बोटांना पेरॉक्साइडने पांढरे चट्टे पडले होते. ज्या हातांनी मला ब्युरेट धरायला शिकवले ते हात बघवेनात, म्हणून मी खिडकीकडे पाहिले. खिडकीला काळे कापड होते.

तरीही मला वाटत होते, की सर प्रस्तावनेत लिहितील. त्यांनी नावे डोळ्यांनी पाहिली होती. त्यांचा शब्द प्रकाशकाला पुरेसा होता. काही आठवड्यांनी प्रस्तावनेचा मजकूर त्यांनी मला तपासायला पाठवला. संगमरवरी पुतळे त्यात होते. चित्रकाराविषयी एकच वाक्य होते: 'चित्रकाराच्या नावाविषयी खात्रीलायक पुरावा उपलब्ध नाही.'

मी फोन केला.

"सर, पुरावा तुम्ही पाहिलाय."

"पाहिलाय. दाखवता येतो का? जे दाखवता येत नाही ते मी लिहीत नाही. हे मीच तुला शिकवलंय."

"मग तो का दाखवता येत नाही, तेवढं तरी लिहा."

मग त्यांनी आवाज उतरवला. "मूळ पानांच्या कडा मी कापल्या, हे ग्रुपमध्ये कळलं तर काय होईल, कल्पना आहे तुला? कडा कापणारा म्हणजे खाटीक, असं मीच त्यांना सांगत आलोय. तोंड दाखवायला जागा राहील का मला? आणि लक्षात ठेव, रीत तुझी होती."

मी प्रकाशकाला सविस्तर पत्र लिहिले. मी काय पाहिले, कुठे पाहिले, कोणत्या सूचना वाचल्या, पट्ट्यांचे काय झाले आणि रीत कुणाची होती, हे सारे. उत्तर सभ्य होते. सरांशी बोलणे झाले आहे. आपण त्यांची गुणी विद्यार्थिनी आहात, मात्र या बाबतीत थोड्या भावनेच्या भरात आहात, असे त्यांचे मत पडले. पुस्तक छापायला गेले आहे.

औंधला जाऊन हे सांगणे मला भाग होते. बंडगर ओट्यावर बसून ऐकत होते. मी पेरॉक्साइड, अल्कली, पट्टी हे सगळे क्रमाने सांगितले. कसे सांगावे याची मी वाटेत तयारी केली होती, आणि ती तयारी बोलताना मला स्वतःलाच ऐकू येत होती.

"म्हंजे त्येनी माजं नाव धुतलं," बंडगर म्हणाले.

"हो."

"आन तुमाला म्हाईत हुतं का, फोटूनं कागद मरत न्हाई म्हून?"

"माहीत होतं."

सुरेखा आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

"बरं झालं, खरं बोलला," बंडगर म्हणाले. "चहा घ्या." मी तो घेतला. पुढे ते पोराविषयी, पावसाविषयी, पाट्या आता छापूनच येतात त्याविषयी बोलले, आणि निघताना मला विचारले, "पुस्तक कवा निगनार हाय?"

प्रकाशन सांगलीला झाले, सकाळी, त्याच मंगल कार्यालयात, पण या वेळी खालच्या मोठ्या सभागृहात. टी-शर्ट सगळ्यांनी नवे छापून घेतले होते. व्यासपीठावर ती एकतीस पाने काचेच्या चौकटींत लावली होती आणि लोक त्यांच्यासमोर उभे राहून स्वतःचे फोटो काढत होते, उजेडाचा झोत टाकून. सरांनी भाषणात कागदाच्या शुद्धतेवर वीस मिनिटे घेतली. टाळ्या चांगल्या पडल्या.

भाषणानंतर सर टेबलाशी बसले आणि पुस्तकांवर सह्या देऊ लागले. रांग दारापर्यंत होती. मी खांबाशी उभी होते, तेव्हा मला त्या रांगेत बंडगर दिसले. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर फेटा, काखेत नवे पुस्तक. मागे सुरेखा. मी पुढे झाले, तर त्यांनी हाताने मला जिथल्या तिथे थांबवले.

सर मान खाली घालून लिहीत होते. पुस्तक येई, ते पहिले पान उघडत, नाव विचारत, लिहीत, पुस्तक सरकवत. बंडगरांचे पुस्तक आले.

"आपलं नाव?"

"हणमंत बंडगर. औंध."

सरांची लेखणी सवयीने चालू झाली होती. 'हणमंत बंडगर' एवढे त्या सुंदर अक्षरात उमटले, आणि मग ती थांबली. सरांनी वर पाहिले.

"त्येच्याफुडं 'चित्रकार' लिवा, सर," बंडगर म्हणाले. आवाजात विनंती होती, आणखी काही नव्हते. "पोराला पाठवायचं हाय. तुमच्या हातचं असलं म्हंजे मानतील."

रांगेतले मागचे दोघे वाकून बघू लागले. साखर कारखान्यातले केमिस्ट सरांच्या खुर्चीमागे उभे होते, तेही बघत होते. सरांनी लेखणीचे टोपण लावले. पुन्हा काढले. मी खांब सोडून टेबलापर्यंत आले होते; त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर एका क्षणापुरती भीती दिसली. एक शब्द होता. चार अक्षरे.

ते पुन्हा पानावर वाकले. नावापुढे त्यांनी एकसारख्या अंतरावर, अतिशय नेटकेपणाने लिहिले: 'यांस शुभेच्छा.' खाली सही केली, तारीख घातली. शाई फिसकटू नये म्हणून तिच्यावर हलकी फुंकर मारली, पुस्तक उघडेच बंडगरांच्या हातात दिले आणि त्यांच्या खांद्यावरून मागच्या माणसाला विचारले,

"आपलं नाव?"